ओढ्यावरचा पूल आणि बाबांची टोपी

ओमाहा, २० ऑक्टोबर

प्रिय लेलंडदादा,

तू आणि वहिनी देवाच्या कृपेने बरे असाल. माझा खोकला कमी आहे, काळजी नको.

एक कबुली द्यायची आहे. गुरुवारी जनमत चाचणीचा फोन आला ना, तो माझाच होता. आमच्या कचेरीत नंबर यंत्र लावतं, आम्ही फक्त प्रश्न वाचतो. घसा बसला होता, म्हणून तू ओळखलं नाहीस.

"देश योग्य दिशेने चाललाय का?" विचारल्यावर तू म्हणालास, "दिशा कसली विचारता साहेब? आमच्या ओढ्यावरचा पूल पडून दोन वर्षं झाली. आधी ओढा तर ओलांडू द्या! यंदा मताला जातंय कोण?" आणि फोन आपटलास. मला आधी हसू आलं. मग बराच वेळ पुढचा फोन घेववेना.

मतदानाला बाबा आपल्याला चर्चच्या तळघरात न्यायचे, आठवतं? आई तिथे कॉफी वाटायची. पडद्याआड शिरताना बाबा टोपी काढायचे, प्रार्थनेला काढत तशीच. त्यांचा उमेदवार बहुधा हरायचा, तरी येताना ते शीळ घालत.

तुझ्या उत्तराला रकाना नव्हता. मी "सांगता येत नाही"वर खूण केली.

ती टोपी अजून खुंटीवर आहे ना? रस्ता लांबचा पडेल, पण मतदानाला ती घालून जा. पडद्यापाशी काढण्यापुरती तरी.

तुझा धाकटा,
ड्वेन