विहिरींचं पाणी आणि तिसरा महिना

३ जुलै, सोम.
शुक्रवारी संशोधनाच्या अनुदानाची मुलाखत. कापड रंगवणाऱ्या डाइंगच्या कारखान्यांमागच्या विहिरी, दोन वर्षांचे नमुने, सगळे मीच भरून आणलेले. पैसे आले की आधी लॅबचा एक्झॉस्ट. बंद पडल्यापासून रसायनांची वाफ खोलीतच कोंडते.

विभागप्रमुख सर जाता जाता म्हणाले, "मागच्या मॅडमना अनुदान मिळालं आणि त्या बाळंतपणाला गेल्या. मशीन धूळ खात पडलं. तुमचं तसं काही नाही ना?"
मी नाही म्हणाले. मला तिसरा महिना चालू आहे.

५ जुलै
घरी टेमघरला पोचले तर सासूबाई दारातच. "तुझे अंगाला रोज ह्यो कसला वास? पोटात पोर हाय, जरा सांभाल."
दोनदा आंघोळ केली. वास जात नाही. दोनच नमुने तपासायचे उरलेत, ते झाले की...

७ जुलै
मुलाखत ऑनलाइन. पाण्यावर एक प्रश्न. मग, "तीन वर्षं सलग जमेल ना? घरचं कसं?" शेजारी बसलेले सर माझ्याआधी बोलले, "मी आहे ना." समितीतले हसले. मीही हसले. का?

१२ जुलै
सकाळी थोडं रक्त. डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्या वाफेत एक दिवसही नको. कॉलेजला लेखी द्या."
लेखी दिलं की सरांना कळणार. नवऱ्याला, दिनेशला सांगितलं. तो ओरडला नाही, माझा लॅबचा कोट धुवायला घेतला. ते जास्त लागलं.

१९ जुलै
मंजुरी आली. प्रमुख संशोधक सर. मी साहाय्यक. एक्झॉस्ट खर्चाच्या यादीतून गायब.
"समितीला खात्री हवी होती," सर म्हणाले. "लॅबचं काम तुमच्याकडेच. सोमवारपर्यंत संमतीची सही द्या."

२४ जुलै
सही केली नाही. समितीला सगळं लिहिलं. काम माझं हे, गरोदर आहे हे, लपवलं तेही. पुराव्याला नमुन्यांच्या नोंदवह्या काढायला गेले तर कपाट रिकामं.
सरांना विचारलं. "माझ्याकडे आहेत. सही झाली की देतो."
व्हरांड्यात उभी राहून तो मेल तसाच पाठवला. तेवढ्यात पोटात मोठी कळ आली. दिनेशला बोलावलं.
आता सोनोग्राफीच्या रांगेत. पुढे दोघी. सरांचे चार मिस्ड कॉल. दिनेशने माझा हात धरलाय.
पुढे एकच.