घरची भाकरी, हॉटेलचा रस्सा

आई, बारामतीत भिगवण रोडला एक नवं हॉटेल निघालंय, त्याच्याबद्दल तुला सांगायचं आहे. तू गेल्यापासून इतक्या वर्षांत मी तुझ्याशी कधी चार शब्द बोलायला बसले नाही, आणि आता बसले ती हॉटेलाच्या गप्पा घेऊन. तुला हसू येईल. पण ऐक. हे हॉटेल नवं असूनही जुनं आहे, म्हणजे मुद्दाम जुनं केलेलं आहे. लाकडी बाकडी, फरशीची टेबलं, भिंतीवर टांगलेली सायकल, गल्ल्याशेजारी हा एवढा रेडिओ. तो वाजत नाही. त्याच्या पोटात नवा स्पीकर बसवलाय. वाढणारी पोरं पांढरी टोपी घालून फिरतात आणि ऑर्डर मोबाइलवर घेतात. चहाच्या कपांचे टवके उडालेत, तेही मालकानं घरी बसून उडवले असावेत अशी मला शंका आहे. फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं: मिसळ बर्गर, चीज वडापाव, पिठलं रोल, गोळी सोडा. स्वस्त मात्र खरंच आहे. कॉलेजची पोरं, एमआयडीसीतून सुटलेले कामगार, नातवंडांना घेऊन आलेले पेन्शनर, सगळे दाटीवाटीनं बसतात आणि बिल आल्यावर कुणाचा चेहरा पडत नाही. पिठलं रोल तर इतका चांगला असतो की पहिल्या दिवशी मी एकावर थांबले नाही.

मला तिथं नेलं तुझ्या नातीनं. तू तिला पाहिलं नाहीस. आता बारावीला आहे, स्कूटी चालवते, आणि कुणाशीही पहिल्या भेटीत बोलायला लागते. हा गुण तुझा आहे, माझा नाही; मी बँकेच्या काउंटरमागे बसून बसून मोजकंच बोलायला शिकले. तर ह्या हॉटेलात आठवडी बाजारादिवशी एक टूम असते. दारात पाटी लावतात, 'भाकरी घरची, रस्सा आमचा.' घरून भाकरी घेऊन यायची आणि रस्सा त्यांच्याकडून फुकट. लोकांना त्याची भारी मौज वाटते. बायका शोधून शोधून जुने रुमाल काढतात, त्यात भाकरी बांधून आणतात आणि खायच्या आधी फोटो काढतात. ज्यांच्या घरी भाकरी होत नाही ते विकत आणून रुमालात बांधतात, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय.

तुला ह्यात काय मौज आहे ते कळणार नाही. इंदापूरला स्टँडसमोरच्या हॉटेलात तू दुसरं काय करत होतीस? पळसदेवहून पहाटेच्या गाडीनं मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन यायचीस, दुपारपर्यंत बाजारात बसायचीस, आणि मग रिकामी पाटी काखेत घेऊन त्या हॉटेलात शिरायचीस. बाजारकरी माणसं सगळी तशीच जेवायची. भाकरी आपापली, हॉटेलवाल्याची एक प्लेट भाजी, आणि वरून रस्सा मागाल तितका. हॉटेलवालाही कुरकुर करत नसे, "घ्या मावशी" म्हणत ओगराळं ओतायचा. मी बोर्डिंगात राहायला आल्यावर तू मलाही तिथं बोलवायला लागलीस. बोर्डिंगची आमटी म्हणजे हळदीचं पाणी. तुझी भाकरी आणि तो लाल रस्सा मी बकाबका खायचे, आणि तू अर्ध्या भाकरीवर हात आखडता घेऊन म्हणायचीस, "खा बाय, माझं झालं."

हेच मी सांगितलं. त्या हॉटेलात कोपऱ्यात एक जुन्या पद्धतीचा माइक ठेवलाय. बाजारादिवशी ज्याला जुनी आठवण सांगायची असेल त्यानं त्यावर बोलायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, आणि बोलणाऱ्याला गोळी सोडा बक्षीस. तुझी नात मागंच लागली, "मम्मी, तू बोल ना, आजीचं सांग." मी उठले आणि सांगितलं. सांगता सांगता सूर लागला. म्हटलं, माझ्या वर्गातल्या मुली त्याच हॉटेलात ब्रेड पॅटिस खायच्या, मला हाका मारायच्या, पण मी माझ्या आईच्या शेजारची जागा कधी सोडली नाही. एका बाईंनी पदर डोळ्याला लावला. मालक, तिशीतलाच आहे, तो स्वतः सोडा घेऊन टेबलाशी आला. तुझ्या नातीनं माझा दंड धरून ठेवला होता. ती माझ्याकडे अशी बघत होती की मला एकदम फार चांगलं वाटलं. ते चांगलं वाटणं आठवलं की आता अंगावर काटा येतो.

कारण खरं काय झालं ते तुला माहीत आहे. मी अकरावीत होते. त्या दिवशी वर्गातल्या मुली म्हणाल्या, चला पॅटिस खायला. एक डॉक्टरांची होती, एक तहसील कचेरीतल्या साहेबांची. तू येणार हे मला ठाऊक होतं. दुसरीकडे जाऊ, असं मी दोनदा म्हटलं, पण माझं ऐकतंय कोण. तू आत आलीस, पाटी काखेत, पायावर बाजारातली धूळ. आपली नजरानजर झाली आणि मी मान खाली घातली. डॉक्टरांची मुलगी हळूच म्हणाली, "हॉटेलात भाकरी घेऊन येतात?" त्या हसल्या. मीही हसले. नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं, पण मी हसले, आणि सगळ्यांत उशिरापर्यंत हसले. तू आमच्याकडे पाठ करून बसलीस. समोरची बाजूही रिकामी होती, पण तू पाठ करून बसलीस, म्हणजे मला तुझं तोंड दिसायला नको. जेवलीस, हात धुतलेस, आमच्या टेबलाला घासून बाहेर गेलीस, आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. कुणाला कळलं नाही की ही बाई माझी कुणी लागते. तू ते काम माझ्यापेक्षाही चोख केलंस.

पुढच्या बाजारी मी जीव मुठीत धरून आले. वाटलं, आता रागावशील, निदान टोमणा तरी मारशील. तू हॉटेलात नव्हतीसच. स्टँडवर, पाण्याच्या टाकीशेजारी बसून कोरडी भाकरी मिरचीच्या ठेच्याशी खात होतीस. मला बघून म्हणालीस, "हितंच बरं हाय गं. तितला रस्सा लई तिखट असतोय, पोटात आग पडती." आणि माझ्यासाठी बांधून आणलेली भाकरी हातात देऊन म्हणालीस, "बोर्डिंगात नेऊन खा, तुला उशीर व्हईल." तेव्हापासून आपण दोघी त्या हॉटेलात कधी बसलो नाही. मी त्यावर एक अक्षर बोलले नाही. तू रागावली असतीस तर मी रडले असते, पाया पडले असते, आणि मोकळी झाले असते. तू मला तेवढीही वाट ठेवली नाहीस. ह्याचा मला बरीच वर्षं तुझ्यावरच राग होता, हेही आज सांगून टाकते.

तर माइकवरच्या गोष्टीपाशीच थांबायला हवं होतं. थांबले नाही. पुढच्या बाजारादिवशी मालक म्हणाला, "मॅडम, मागच्या वेळंला सांगितली ती गोष्ट परत सांगा की, व्हिडिओ काढतो." मी परत सांगितली, आणि पहिल्यापेक्षा रंगवून. तू माझ्या रश्शातली मिरची वेचून काढायचीस, असं एक जास्तीचं घातलं. तू कसली मिरची वेचतेस! दोन दिवसांनी बँकेत एक शेतकरी पासबुक भरून घेता घेता म्हणाले, "मॅडम, तुमच्या आईची गोष्ट आमच्या घरात समद्यांनी बघितली. आजकाल अशा लेकी कुठं ऱ्हायल्यात." मी त्यांना धन्यवाद दिले. दिवसभर खुशीत होते. आई, मी तुझ्या अपमानावर मान मिळवला आणि तो मला गोड लागला.

मग गेल्या आठवड्यात आम्ही दोघी तिथं गेलो. बाजाराचा दिवस नव्हता. आम्ही नुकतंच बसलो होतो, तेवढ्यात एक म्हातारी दारातून आत आली. नऊवारी लुगडं, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात फडक्याचं गाठोडं. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, जवळच्या दवाखान्यात दाखवायला आली होती आणि मुलगा औषधं आणेपर्यंत तिला बाहेर थांबायचं होतं, हे मागाहून कळलं. बाकडी दिसली, आणि तिला वाटलं हे तिच्या ओळखीतलं हॉटेल आहे. ती सरळ बाकड्यावर टेकली, फडकं सोडायला लागली आणि मालकाला म्हणाली, "बाळा, वाईच रस्सा घाल. भाकर हाय माझ्यापशी."

मालक वाईट नाही. तो जवळ जाऊन नीटच बोलला, "आजी, बाहेरचं खायला चालत न्हाय हितं."

"का रं?"

"ते फक्त बाजारादिवशी असतंय."

म्हातारीनं एका डोळ्यानं सगळीकडे बघितलं. सायकल बघितली, रेडिओ बघितला. "आन् बाकीचं दिस हे हाटेल नसतंय व्हय?"

दोन-तीन टेबलांवर हसू फुटलं. ती गोंधळली, आणि फडक्याची गाठ परत मारायला लागली. तुझी नात माझ्याकडे बघत होती. ती थांबली होती की आता मम्मी उठेल. मालक मला ओळखतो, माझ्या एका शब्दानं काम झालं असतं. मी फळ्यावरची यादी वाचत राहिले. का, ते सांगते, निदान तुझ्यापाशी तरी. मी बोलले असते तर ती माझ्या टेबलावर येऊन बसली असती, फडकं सोडलं असतं, आणि लोकांनी आमच्याकडे बघितलं असतं. माइकसमोर मला लोकांनी बघितलेलं चालतं. भाकरीवाल्या बाईशेजारी चालत नाही. अजूनही चालत नाही. माझे केस पांढरे झाले, आई.

उठली ती तुझी नात. "दादा, ह्या आमच्यासोबत बसतील," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "माझी आजी इंदापूरला अशीच जेवायची, आणि मम्मी तिच्या शेजारी बसून जेवायची. तुम्हीच व्हिडिओ टाकलाय ना?" मालकाचा चेहरा उतरला. तो पळत जाऊन रस्सा घेऊन आला. सगळं हॉटेल माझ्याकडे कौतुकानं बघायला लागलं. म्हातारी माझ्या शेजारी बसली, भाकरी कुस्करली, आणि पहिला घास घ्यायच्या आधी मला म्हणाली, "लेक गुणाची हाय तुमची. कुणी शिकीवलं हिला असं?"

"मम्मीनं," तुझी नात म्हणाली.

मी मान डोलावली. मागवलेला पिठलं रोल मी तसाच कागदात बांधून घेतला.

परत येताना ती गाडी चालवत होती, मी मागं बसले होते. कालव्याच्या पुलापाशी ती म्हणाली, "मम्मी, तू गप्प का बसली होतीस?" मी म्हटलं, मला वाटलं मालकच देईल रस्सा. तिला ते पटलं नाही. तिच्या मानेवरून मला कळलं. तेव्हा मी धीर केला. तिचं तोंड पुढं होतं म्हणून जमलं असेल. म्हटलं, "ते शेजारी बसण्याचं... त्यात मी थोडी भर घातलीय." तिनं गाडी हळू केली. "म्हणजे?" आणि आई, ओठावर आलेलं मी गिळलं. म्हटलं, "म्हणजे मी तेव्हा हॉटेलात जायचेच नाही. बोर्डिंगातच असायचे. मला हे सगळं मागाहून कळलं."

तिनं पूल ओलांडला. मग म्हणाली, "म्हणजे आजी एकटीच जेवायची?"

"हो," मी म्हटलं.

"बिचारी," ती म्हणाली, आणि गाडी घराकडे वळवली.

तेव्हापासून ती माझ्यावर रागावलेली नाही. उलट, आईशेजारी बसायला मिळालं नाही म्हणून मम्मीनं अशी गोष्ट रचली असेल, असं काहीतरी तिनं मनाशी ठरवून टाकलंय आणि ती माझ्याशी जास्तच मायेनं वागते. सकाळचा चहा ती करते. हे मला सहन होत नाही. हे लिहायला घेतलं ते तुझी माफी मागायला, असं मी बसताना स्वतःला सांगितलं होतं. पण तुला हे सगळं आधीच माहीत होतं, आणि हा कागद तुझ्याकडे पोचायचा नाही. तुला सांगणं सोपं आहे म्हणून तुला सांगतेय. जिला सांगायचं ती समोर टेबलाच्या पलीकडे पुस्तक घेऊन बसलीय. आत्ताच तिनं मान वर करून विचारलं, "मम्मी, एवढं काय लिहितेस?" मी म्हटलं, "बँकेचं आहे," आणि कागदावर हात आडवा धरला.