नाशपातीकडे एकही माशी फिरकेना

ती. गेर्त्रॉद आत्यास,

तुझ्या मोडलेल्या पायाला आणि शाबूत असलेल्या रागाला वेसेलचा लांबूनच नमस्कार. दवाखान्यात कॉफी बरी देतात का? इकडे मी, कुत्रा आणि कोंबड्या मजेत आहोत. (बागेचं हळूहळू सांगतो.)

जाताना तू बजावलं होतंस, नाशपाती फुलायच्या आत झाडांखालचं डँडेलियनचं पिवळं तण कापून टाक. मी गवत कापायचं यंत्र घेऊन निघालोही (यंत्राचंही नंतर सांगतो). पण आत्या, अख्खी जमीन पिवळीधमक! जरा बसलो. मग एका भुंग्यामागे चरापर्यंत गेलो, तिथे करकोचा दिसला, आणि असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मोहोर फुटला. शेजारचे बार्तेलकाका मधमाश्यांच्या पेट्या ठेवून गेले, तर सगळ्या माश्या खाली पिवळ्यावर आणि वर झाडांवर शुकशुकाट!

काका कमरेवर हात ठेवून उभे. "गाढवा, खाली मेजवानी मांडलीस, आता वर कोण चढेल? वास घे त्या मोहोराचा!" घेतला. दिसायला पांढराशुभ्र, पण वास परवाच्या हेरिंग मासळीचा! "आता खालचा घे." मध आणि ऊन. काका म्हणाले, पिवळ्यात रस गोड, नाशपातीत नावापुरता. शिवाय माशीला आपल्याला न दिसणारा रंगही दिसतो, त्यामुळे ते फूल म्हणजे तिला मधोमध खूण केलेली बसायची जागाच. "मोहोर टिकणार आठवडाभर. मग आत्याला काय, फळांऐवजी पानं खायला घालशील?"

"काका, मीही तसाच. पिवळं दिसलं की बसतो."

"तू माशीहून वाईट. ती निदान मध तरी आणते."

मग तीन दिवस विळ्याने कापत होतो (कमरेची चौकशी तूही कर). आज सकाळी झाडं गुणगुणायला लागली. वरपासून खालपर्यंत, ओळीच्या ओळी! मी तोंड उघडं टाकून ऐकत राहिलो आणि एक माशी आत गेली. जीभ सुजली आहे, म्हणून फोन न करता पत्र लिहितोय.

तुझाच,
वेसेल

ता. क. पत्र टाकायचं दहा दिवस विसरलो, ते बरंच झालं. पाकळ्या गळाल्या आणि मागे हिरवे मणी धरलेत. रोज मोजायला जातो, रोज मधेच चुकतो. मी आजवर कुठेच दोन महिन्यांवर टिकलो नाही, तुला ठाऊक आहे. ते मोठे होईपर्यंत राहू देशील?

ता. क. दुसरा. यंत्र चरात पडलंय. करकोच्याकडे बघत होतो ना. बाहेर काढलं असतं, पण त्यावर बदकीण अंडी घालून बसली आहे, आणि तिला उठवणं मला काही जमणार नाही.