एका श्वासातली ओळ

रवि., २ नोव्हें.
चर्चनंतर कॉयरच्या सरांनी नाताळच्या कार्यक्रमातल्या सोलोचं नाव सांगितलं. शीतल! माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन व्याऱ्याहून नवापूरला आली त्याला दोन वर्षंही नाहीत. मी कॉयरमध्ये माझ्या लग्नाआधीपासून. सर म्हणे, "तीनशे वर्षांपूर्वीचं स्तुतिगान आहे, आवाज कोवळा हवा." म्हणजे माझा निबर झाला? भेंडी आहे का मी?
घरी सासूबाईंनी तिच्यासाठी शिरा केला. मी खाल्ला नाही. नंतर थोडा खाल्ला.

रवि., १६ नोव्हें.
सगळं लॅटिन. देवनागरीत लिहून पाठ करतोय. शी.च्या सोलोची शेवटची ओळ भयंकर लांब, एका श्वासात म्हणायची. एरवी कॉयरमध्ये जोड्या असतात. शेजारीण श्वास घेते तेव्हा मी सूर धरायचा, मी घेते तेव्हा तिने. ऐकणाऱ्याला वाटतं, या बायका श्वास घेतच नाहीत. सोलोला जोडी नाही.
आज तिची ओळ मधेच तुटली. वाईट वाटायला हवं होतं. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

गुरु., २७ नोव्हें.
घरच्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये अंडी गोळा करताना तीच ओळ गुणगुणते. हळूच. आज यांनी पकडलं. "सोलो तिचा, रियाज तुझा?" माझ्या हातात अंड्यांचा ट्रे होता म्हणून हे वाचले.

शनि., १३ डिसें.
शी. स्वयंपाकघरात आली. "ताई, श्वास पुरतच नाही. काय करू?"
"होईल गं सवयीने."
युक्ती माहीत होती. ओळीआधी जुना श्वास सगळा सोडून द्यायचा, मग नवा भरायचा. नाही सांगितली. माझी आहे ती.

रवि., २१ डिसें.
काल कार्यक्रम झाला. चर्च गच्च. दोन व्हायोलिनं सुरतेहून, ऑर्गनऐवजी आपली पेटी. शी. निळ्या साडीत. छान दिसत होती मेली. मी बरोब्बर तिच्या मागे.
लांब ओळ आली. अर्ध्यात तिचे खांदे वर गेले. संपला हिचा श्वास! तुटू दे, चांगली तुटू दे, असं मनात येतंय तोवर माझं तोंड उघडलेलं. सूर मी धरला. तिने श्वास घेतला, परत आली, मी सोडला.
सवय, दुसरं काय. प्रेमबिम काही नाही.
कुणाला कळलं नाही. टाळ्या मात्र केवढ्या.

सोम., २२ डिसें.
शाळेत अंडी पोचवायला गेले, तिथे पाटीलबाई : "तुन्ही देरानी भलती मस्त गायनी वं! केवढा दम शे तिले!"
हसले. जावेला दम म्हणे.
सरांनी शी.ला जानेवारीत सुरतेच्या कार्यक्रमाला बोलावलंय. फक्त तिला. जळजळ होतेय नुसती. सोडा पिऊन जाणारी नाही ही.

मंगळ., २३ डिसें.
संध्याकाळी शी. शेडवर आली. माझ्याबरोबर अंडी पुसायला बसली. मग म्हणाली, "ताई, त्या दिवशी तुम्ही होतात म्हणून निभलं. सरांना सांगते मी. सुरतला तुम्हीच गा."
मी ट्रे मोजत राहिले. हेच तर हवं होतं.
ती गेल्यावर दार ओढलं आणि ओळ म्हटली. एकटीने, पहिल्यांदा मोकळ्या आवाजात. जुना श्वास सगळा सोडून, नवा भरून.
तुटली. ती तुटते त्याच्याही आधी.
परत म्हटली. परत तिथेच.
जेवताना सगळ्यांसमोर शी. म्हणाली, "मग ताई, करू सरांना फोन?"
"कसला फोन गं?" सासूबाई.
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी भात वाढून घेतला.