तारेतला तिसरा शब्द

घाटकोपर,
रविवार, २४ नोव्हेंबर १९५७

ती. शेवंतीवन्संना सुलक्षणाचा नमस्कार.

आम्ही दोघं बरी आहोत. यांना भांडुपच्या कारखान्यात आता कायम दिवसपाळी आहे. चाळीतल्या बायकांसाठी मृणालिनीबाई दुपारी इंग्रजीचा वर्ग घेतात, तिथे मी जाते. वर्षभरात तुमचं पत्र नाही. का नाही, ते ठाऊक आहे, म्हणून तक्रार करत नाही.

मंगळवारी बाईंनी 'स्टार्ट' हे क्रियापद शिकवलं. त्याचा एक अर्थ सुरू होणे. दुसरा, प्रवासाला निघणे. मुळातला अर्थ मात्र उसळून उठणे. कुणी हाक मारली की माणूस ताडकन उठतं, तसं. त्यातूनच निघणे आलं, आणि सुरू होणे तर फार नंतर, असं बाई म्हणाल्या. मला पुढचं काही ऐकू येईना.

वन्सं, तुम्ही पोस्टमास्तरांकडून केलेली तार गेल्या पौषात बुधवारी दुपारी माझ्याच हातात पडली होती. 'मदर सीरियस स्टार्ट.' त्यातलं 'निघा' मला कळलंच नाही; सासूबाईंचं दुखणं सुरू झालंय, असं मी वाचलं. संध्याकाळी यांनाही तेच सांगितलं. यांना इंग्रजी येत नाही. हे म्हणाले, शनिवारी रजा घेऊन निघू. लगेच निघालो असतो तर गुरुवारची कोकणची बोट मिळाली असती. सासूबाई शुक्रवारी गेल्या.

मला अर्थ चुकला, एवढंच असतं तर लिहायला वर्ष लागलं नसतं. तार वाचताना मनात शंका आली होती. शेजारच्याच खोलीत मृणालिनीबाई होत्या. पण लग्नात सासूबाईंनी साऱ्या गावाला सांगितलं होतं, माझी सून इंग्रजी शिकलेली आहे. मी इंग्रजीच्या जेमतेम दोन इयत्ता शिकलेली. ते उघडं पडू नये म्हणून मी शेजारचं दार वाजवलं नाही.

आम्ही गावी पोचलो तेव्हा तुम्ही उंबरठ्यावर यांना विचारलंत, "तार मिळाल्यावर तीन दिवस काय करत होतास?" हे खाली मान घालून उभे राहिले. मी मागेच होते; आपलं वाचणं चुकलं असावं, हे तेव्हाच उमगलं, तरी पुढे झाले नाही.

मंगळवारी रात्री जेवताना यांना सगळं सांगितलं. ताट तसंच राहिलं. "विचारायचं होतंस," एवढंच बोलले. पुढे तीन दिवस जेवण स्वतःच वाढून घेतलं. काल सकाळी मात्र माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "शेवंतीक लिही. आवशीन माझी वाट बघल्यान काय, तेवढा इचार."

तुमचा राग माझ्यावर यायला हवा होता, तो तुमच्या भावाने वर्षभर सोसला. मला क्षमा नाही केलीत तरी चालेल. पौषात वर्षश्राद्धाला आम्ही येतोय. मी अंगणातच थांबेन. यांना आत घ्या, आणि आईने वाट बघितली का, हे विचारतील तेव्हा खरं सांगा.

यांना तीन दिवस उशीर करणारी,
तुमची वहिनी
सुलक्षणा