निम्म्या किराण्याची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वीचा व्यवसाय चष्म्याच्या दुकानात भिंगे घासून बसवणे, सध्या घरीच, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखल्याची फी मला जास्त वाटली आणि तसे मी त्यांना सांगितले, यावरूनही डोके ठिकाणावर असल्याचे सिद्ध व्हावे. मला कोणी दम दिलेला नाही, कोणी गोड बोलून भुलवलेले नाही. खरे तर तसे करायलाही घरात कोणी नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे मागे काही नाही. माझ्यानंतर माझ्या मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

कलम एक. राहते घर. तळमजल्यावरचे, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. ते मी व माझे दिवंगत पती, व्यवसाय नळदुरुस्ती, यांनी मिळून घेतले. हे घर माझ्या थोरल्या दिरांच्या मुलाला, म्हणजे माझ्या पुतण्याला द्यावे. तो अधूनमधून फोन करतो, "काकू, तब्येत कशी आहे?" असे विचारतो आणि उत्तर यायच्या आत "काळजी घ्या" म्हणून ठेवून देतो. मुलगा वाईट नाही, घाईत असतो. मात्र मागच्या खोलीबाबत कलम सहा वाचल्याशिवाय त्याने घराला ग्राहक आणू नये.

कलम दोन. बँकेतील शिल्लक. ही शिल्लक पगारातून उरलेली नाही, किराण्यातून उरलेली आहे, हे नोंदवून ठेवते. पतींच्या कामाचा भरवसा नसे. कुठे नळ फुटले तर चार पैसे, नाही फुटले तर नुसतेच हात चोळत बसणे. म्हणून लग्नानंतर लगेचच मी किराण्याची एक रक्कम ठरवली आणि ती डब्यात वेगळी ठेवू लागले. हाताशी पैसे खुळखुळत असोत वा नसोत, त्या रकमेच्या पुढे जायचे नाही. डाळ, तांदूळ, तेल, साखर, चहा, साबण, सगळे त्यातच. दर काही वर्षांनी महागाई पाहून रक्कम वाढवली, पण महिन्याच्या मधे कधीच नाही. पती म्हणत, आपल्या घरात पहिली तारीख आणि तिसावी तारीख एकसारखीच जेवते. हे ते कौतुकाने म्हणत की कंटाळून, ते मी विचारले नाही.

एकदाच ती मर्यादा मोडली. त्यांच्या शेवटच्या आजारात त्यांना द्राक्षांशिवाय काही जाईना. रोज खाण्याआधी ते विचारत, "किराण्यात बसतंय ना?" आणि मी "बसतंय" म्हणून सांगे. बसत नव्हते. मी दुकानात जादा भिंगे घासत होते. तो खोटेपणा मला आजही गोड वाटतो.

शिलकेतील निम्मी रक्कम पुतण्याला द्यावी. उरलेल्या निम्म्यातून पालिकेच्या शाळेतील मुलांना चष्मे द्यावेत. फ्रेम मुलांना स्वतः निवडू द्यावी. फुकटचा चष्मा म्हणून कोणाच्या नाकावर कुरूप फ्रेम बसवू नये, ती बिचारी पोरे मग चष्मा दप्तरातच ठेवतात.

कलम तीन. माझे बारीक पेचकस, चिमटे आणि नाकपट्टीची डबी, हे सर्व चौकात चष्मे दुरुस्त करत बसणाऱ्या गृहस्थांना द्यावे. निवृत्त होताना दुकानाच्या मालकांनी मला भिंतीवरचे घड्याळ दिले होते, ते मालकांना परत करावे. ते पहिल्या आठवड्यातच बंद पडले. मी तक्रार केली नाही, पण विसरलेही नाही.

कलम चार. माझ्या नणंदबाईंनी भर पाहुण्यांत म्हटले होते की वहिनीच्या घरी साखर चमच्याने नाही, दाण्याने मिळते. लोक हसले आणि पुढे कित्येक वर्षे सासरच्या मंडळींत माझे नाव 'दाणेवाली' पडले. नणंदबाईंना माझ्या शिलकेतून एक पोते साखर घेऊन द्यावी. मोजून घेऊ नये.

कलम पाच. माझ्या शेवटच्या खर्चाला एका महिन्याच्या किराण्याइतकी मर्यादा घालते. त्यापेक्षा जास्त फुले आणली तर ती कोण पाहणार आहे?

कलम सहा. मागची खोली. ही खोली, तिथली खाट आणि पंखा यांचा वापर माझ्यानंतर वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारे निवृत्त ट्रकचालक, ज्यांना सगळी इमारत 'ड्रायव्हर' म्हणते, यांना ते हयात असेपर्यंत विनाभाडे करू द्यावा. पुतण्याने हरकत घेतल्यास घरही त्याला मिळणार नाही. पुतण्या विचारेल, हे कोण? म्हणून कारण लिहिते.

एकट्या माणसाचा किराणा दोघांच्या किराण्याच्या निम्मा होत नाही, हे मला पती गेल्यावर कळले. बाजारात एकट्या माणसाला कोणी जमेत धरत नाही. लहान पाकीट घ्यावे तर महाग पडते, मोठे घ्यावे तर अर्ध्या वाटेत किडे होतात. बिस्किटे मऊ पडतात. एक कोबी आणला की चार दिवस तोच कोबी समोर येतो आणि पाचव्या दिवशी जेवावेसेच वाटत नाही. मी किराण्याची रक्कम निम्मी करून डब्यात ठेवली, आणि ती पुरेना. रात्री जेवताना समोरच्या खुर्चीकडे पाहायला नको म्हणून मी ओट्यापाशी उभ्यानेच जेवू लागले.

एकदा मी भाजीवाल्याला कोबी अर्धा कापून मागितला. उरलेला अर्धा कोणाच्या गळ्यात मारू, असे तो म्हणाला. माझ्या मागे एक दांडगे गृहस्थ उभे होते, त्यांनी हात पुढे केला आणि "अर्धा मला द्या" एवढेच म्हटले. ते ड्रायव्हर. इतकी वर्षे माझ्या डोक्यावरच राहत होते, पण त्यांच्याबद्दल मला फक्त त्यांच्या चपलांचा आवाज माहीत होता. त्यांची पत्नी पूर्वीच वारली, मुलगा दुसऱ्या गावी.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही किराणा वाटून घेऊ लागलो. तेलाचा डबा आणि जड पिशव्या ते आणत, तराजू माझा. एकाने मोजायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचे, म्हणजे मोजणाऱ्याचा हात आपोआप सरळ राहतो. तेल ते ओतत. एवढा मोठा माणूस, पण थेंब सांडत नसे. दोन साबणांवर एक फुकट असला की तिसरा ते करवतीच्या पात्याने मधोमध कापत आणि कापलेला चुराही दोन कागदांत बांधत. वाटणी सुरू होण्याआधी सामायिक साखरेतून चहा होई. त्या साखरेचा हिशेब कोणी ठेवला नाही.

बस, एवढेच. मधल्या दिवसांत जिन्यात गाठ पडली तर ते "काय?" म्हणत आणि मी "ठीक" म्हणत असे. पण त्या एका सकाळसाठी मी महिनाभर बोलण्याचे विषय साठवून ठेवत असे, आणि त्यांच्यापुढे ते पुरवून पुरवून वापरत असे. माझ्या आयुष्यातले बोलणे आता तेवढेच उरले आहे. हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

दोन महिन्यांपूर्वी मी वाटणी करताना सहज बोलून गेले की मृत्युपत्र करते आहे आणि दोन साक्षीदार हवेत. औषधांच्या दुकानातल्या बाई तयार आहेत, दुसरे कोणी शोधते आहे. ते म्हणाले, "मी आहे की." मी म्हटले, "तुम्ही नको." त्यांनी कारण विचारले. मी सांगितले की कारण आहे. त्यांनी तराजू खाली ठेवला, आपले तेल उचलले आणि चहाला न थांबता वर गेले.

कारण असे होते की वकीलबाईंनी मला बजावले होते, ज्याला काही द्यायचे आहे त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नका, दिलेले त्याच्या हाती लागणार नाही. हे मला एका झटक्यात पटले, आमच्या तराजूचाही नियम तोच. पण हे त्यांना सांगायचे तर खोलीचे सांगावे लागले असते. आणि खोलीचे सांगितले असते तर मी त्यांचा विचार करते, हेही कळले असते. म्हणून गप्प बसले. ज्यांना मी काहीच देणार नाही अशी दोन माणसे मला मिळेनात, आणि ज्याला देणार तो माणूस माझ्यावर रुसून बसला.

मागच्या महिन्यात पहिल्या रविवारी ते आले नाहीत. मी चहाचे आधण ठेवले, ते आटून गेले. नंतर जिन्यात त्यांची पिशवी दिसली. तीत अर्ध्या किलोचे साखरेचे पाकीट होते. ते किलोच्या मानाने किती महाग पडते हे त्यांना पक्के ठाऊक आहे, तरी घेतले. माझ्याशी बोलावे लागू नये म्हणून हा माणूस पैसे पाण्यात घालत होता. मला राग आला, आणि घरात येऊन दार लावल्यावर रडूही आले. माझ्या डब्यात किलोभर साखर तशीच पडून आहे.

पुढे औषधांच्या दुकानात कळले की त्यांच्या खोलीच्या मालकाने खोली विकली आहे आणि ते मुलाकडे जाणार आहेत. तेव्हा हे कलम मी अधिकच घट्ट लिहिले. माझ्यानंतर का होईना, त्यांना परत यायला जागा असावी, एवढीच माझी इच्छा.

कलम सात. हे कलम नंतर लिहीत आहे. वरची शाई निळी आणि ही काळी आहे, त्याबद्दल कोणी शंका काढू नये, निळे पेन संपले.

आज सकाळी ड्रायव्हर खाली आले. हातात कागदात बांधलेला अर्धा साबण होता. मागच्या भांडणात फुकटचा साबण अख्खाच त्यांच्या पिशवीत गेला होता, तो त्यांनी कापून आणला होता. बुधवारी निघतो आहे, मुलाने हॉलमधल्या सोफ्यावर सोय केली आहे, हिशेब चुकता असावा म्हणून आलो, असे ते दारातूनच म्हणाले. मी त्यांना आत बोलावले आणि कलम सहा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवले. चष्मा दोनदा पुसावा लागला, भिंगात दोष नव्हता.

ते उभेच होते. त्यांनी विचारले, "म्हणजे तुम्ही गेल्यावर मी इथं यायचं?"

मी हो म्हटले.

"मग वाटणी कुणाशी करू, वहिनी?"

याचे उत्तर माझ्या एकाही कलमात नव्हते. मी माझ्या एकटेपणाचीच खोली, खाट आणि पंख्यासकट, त्यांच्या नावावर करत होते, आणि त्याला मी उपकार समजत होते.

ते खुर्चीवर बसले. मी साक्षीदार झालो तर ही खोली आपोआप जाते ना, असे त्यांनी विचारले. जाते, मी म्हटले. मग पेन द्या, ते म्हणाले. मी चिडले. माझ्यानंतर पुतण्या तुम्हाला दारात उभे करणार नाही, हे तरी लक्षात घ्या, असे मी सुनावले. ते म्हणाले, तेव्हाचे तेव्हा बघू. पेनासाठी हात पुढेच होता.

तेव्हा जे मी दोन महिने, कदाचित त्याहून जास्त, तोंडातल्या तोंडात ठेवले होते ते बोलले. "मग मी असतानाच या. बुधवारी मुलाकडे जायच्याऐवजी खाली या. खोली रिकामीच आहे. भाडं नको, किराणा निम्मा."

लोक काय म्हणतील हे मला माहीत आहे. दाणेवाली म्हणून झाले आहे, आता आणखी काही म्हणोत.

त्यांनी होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. औषधांच्या दुकानातल्या बाईंना बोलावून आणा, दोन्ही सह्या एकदमच होऊ देत, एवढेच म्हणाले. मी बाईंना घेऊन आले तेव्हा ते मागच्या खोलीच्या दाराशी उभे होते. पंखा लावून पाहत होते की नुसतेच उभे होते, ते मला सांगता येणार नाही, विचारायची छाती झाली नाही.

सबब कलम सहा रद्द समजावे. घर पुतण्याला, कोणत्याही अटीशिवाय. ड्रायव्हर यांना या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. बाकीची कलमे आहेत तशीच राहतील.

हे सर्व मी वाचून, समजून, दोघांच्या समक्ष सही केली. माझ्या समक्ष त्या दोघांनी केली. साक्षीदारांनी आपापला पत्ता आपल्या हाताने लिहिला असून तो मी दुरुस्त केलेला नाही.

ठिकाण : राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक : महिन्याचा पहिला रविवार

(सही)
मृत्युपत्र करणारी
राहणार : तळमजला

साक्षीदार पहिल्या
(सही)
औषधविक्रेत्या
राहणार : दुकानाच्या वर, रस्त्याच्या पलीकडे

साक्षीदार दुसरे
(सही)
निवृत्त ट्रकचालक
राहणार : ('वरचा मजला' हे शब्द खोडून) तळमजला, मागची खोली