गाडीत काय काय लागतं

तोंडवली,
रविवार, सकाळ

प्रिय शर्मू,

ओंकार परवा येऊन गेला. तू त्याच्याजवळ विचारलंस म्हणे, की त्या पत्र्याच्या डब्यात दोन म्हातारी माणसं राहतात तरी कशी, आणि आहे तरी काय त्यांच्यापाशी. तुझा राग त्याने जसाच्या तसा पोचवला नाही, जरा पाखडून पोचवला. पण एकोणतीस वर्षं तुझी आई आहे मी, पाखडलेलंही कळतं मला. गुढीपाडव्यापासून तू आमचा फोन घेत नाहीस. तरी मावसभावाजवळ का होईना, चौकशी केलीस. मला तेवढं पुष्कळ आहे. म्हणून सांगायला बसले.

गाडी पूर्वी दोडामार्गाहून गोव्याच्या कारखान्यात कामगार नेत असे. पुढच्या दोन सीट ठेवून बाकीच्या काढल्या आणि कुडाळच्या एका सुताराकडून पाण्याने न फुगणाऱ्या प्लायचा पलंग करून घेतला. पलंगाखाली सहा खण आहेत. जो माणूस गाडीत राहायला निघेल त्याला मी पहिली गोष्ट सांगेन ती पाण्याची. वीस लिटरचे दोन कॅन आणि सिंकखाली एक छोटी टाकी, एवढ्यात आमचे दोन दिवस निघतात. सिंकचा नळ पायाने दाबायचा पंप आहे, त्यामुळे पाणी सांडत नाही. घरी मी एक टोप घासायला बादलीभर पाणी घालवत होते, त्याची आता लाज वाटते. गॅसची एकच शेगडी आणि पाच किलोचा सिलिंडर, स्वयंपाक करताना मागचं दार उघडं ठेवायचं, आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी. एका शेगडीवर भात उतरवला की कुळथाची पिठी टाकायची, झालं जेवण. सुके बांगडे मात्र एकदाच ठेवले. तीन दिवस पलंगालासुद्धा वास येत होता. आता सुके मासे गाडीत आणायचे नाहीत असा कायदा केलाय.

टपावर सौर पॅनेल आहे आणि त्यावर चालणारी वेगळी बॅटरी. दोन दिवे, फोन आणि एक पंखा, एवढं त्यावर भागतं. ऑक्टोबरात तारकर्लीला माडांच्या सावलीत गाडी लावली होती, तेव्हा सावली मिळाली आणि पंखा बंद पडला. पॅनेलला ऊन लागतं हे माझ्यासारख्या मास्तरणीला उशिरा कळलं. खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी स्क्रूने बसवून घेतली. वाळूत रुतलेलं चाक काढायला दोन फळ्या आहेत, उतारावर चाकाखाली सरकवायला लाकडी गुटके आहेत. कपडे धुवायला झाकणाचं पिंप. सकाळी साबण आणि कपडे घालून झाकण लावायचं आणि गाडी सोडायची, मालवण येईपर्यंत कपडे घुसळून निघतात. ही माझी युक्ती आहे, कुणी शिकवलेली नाही. आणि तू विचारणार नाहीस पण मनात येईल, म्हणून सांगते: पडद्यामागे बसायचा कमोड आहे, त्याची टाकी काढून जिथे मुक्काम असेल तिथल्या संडासात रिकामी करते. पहिल्या आठवड्यात रडू आलं होतं. आता ते चहाइतकंच रोजचं झालं.

गाडी मी चालवते. हसू नकोस. एकसष्टाव्या वर्षी लायसन काढलं. शिकवणारा सांगायचा, बाई, क्लच सोडा, आणि मी ब्रेक सोडायची. भर पावसात दोन महिने शिकले. ओंकारने तुला हे सांगितलं नसेल, कारण मीच त्याला सांगू नको म्हटलं होतं. एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस शेजारी बसलेला असताना बायकोने स्टिअरिंग का धरावं, असं तू लगेच विचारलं असतंस. आणि त्याचं उत्तर तुला देण्यासारखं नव्हतं.

गाडीत आणखीही काही वस्तू आहेत, शर्मू. प्रत्येक खणावर मी शाळेत फळ्यावर लिहायचे तशा मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या लावल्यात: कपडे, टॉवेल, चष्मा. कमोडच्या पडद्यावर बाणाची खूण आहे. दाराला बाहेरून एक जादा कडी आहे. तुझ्या बाबांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशात आतून एक कापडी पट्टी शिवलेली आहे, तिच्यावर त्यांचं नाव आणि माझा फोन नंबर. या वस्तू कुठल्या यादीत नसतील. आम्हाला मात्र पाण्याच्या खालोखाल त्याच लागतात.

तुझ्या लग्नाच्या दोन महिने आधी आम्ही कोल्हापूरला डॉक्टरांकडे गेलो होतो. तुला सांगितलं, डोळ्यांसाठी. डोळ्यांचं काही नव्हतं. बाबांना रोजचीच वाट सापडेना, दुकानात नोटा हातात धरून उभे राहायचे. डॉक्टरांनी त्यांना घड्याळ काढायला सांगितलं. त्यांनी गोल काढला, बाराही आकडे एकाच बाजूला लिहिले, आणि माझ्याकडे बघितलं. चुकलंय हे त्यांना कळत होतं, कुठे चुकलंय ते कळत नव्हतं. परतताना गाडी गगनबावड्याला आली. मग म्हणाले, "चेडवाक सांगा नको. लग्न होवंदे आधी." आजार घराण्यात आहे असं दीपेशच्या घरच्यांना वाटेल आणि ते मागे सरतील, ही त्यांना भीती. लग्नापर्यंत लेकीला कळू देणार नाही, असा मी शब्द दिला.

तू समजलीस की दीपेश आपल्यातला नाही म्हणून बाबांचं मन नव्हतं. पंगत सोडून ते उठले, बाहेर जाऊन वऱ्हाडाच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर बसले, दीपेश पाया पडायला आला तर त्याच्याकडे बघितलं नाही. तू ते मनाला लावून घेतलंस, आणि कुणीही लावून घेतलं असतं. शर्मू, त्या हॉलमधली चारशे माणसं त्यांना एकदम अनोळखी झाली होती. ओळखीची म्हणून एक बस सापडली. आणि पाडव्याला तू फोन केलास तेव्हा "कोण गो तू? चुकीचो नंबर लागलो," म्हणून त्यांनी ठेवून दिला. त्यात राग नव्हता. त्या दिवशी तुझा आवाज त्यांना खरोखरच लागला नाही. मी तेव्हाच तुला उलटा फोन करून सगळं सांगायला हवं होतं. मी काय केलं, तर तू फोन घेत नाहीस याचा आधार घेतला. दिलेला शब्द लग्न झालं त्या दिवशीच संपला होता. पुढचं सगळं माझं भित्रेपण.

घर बंद करून आम्ही फिरायला निघालो, म्हातारपणी चळ लागला, असं गावात बोलतात. तूही तसंच समजलीस. जूनपासून ते घरात ठरत नव्हते. पहाटे खाकी शर्ट शोधायचे, ड्युटीला उशीर झाला म्हणायचे आणि निघायचे. एकदा कसालच्या हायवेवर सापडले, एकदा भाताच्या वाफ्यात गुडघाभर चिखलात उभे. दार लावलं तर दारावर डोकं आपटायचे. एके दिवशी मी हरले आणि शेजारच्या सावित्रीकाकूच्या मुलाच्या गाडीत त्यांना बसवून नुसतंच फिरवून आणलं. दोन तास शांत बसले. समोर रस्ता, शेजारी खिडकी. त्या मुलाला म्हणाले, पुढे वळण आहे, हॉर्न दे. वळण होतं. मी त्याच दिवशी ठरवलं की घर चालत नसेल तर गाडीत राहू. गणपतीची चवथ झाली आणि निघालो. इथे ते जेवतात, झोपतात. डॉक्टर म्हणाले, जमतंय तोवर करा.

आता गुरुवारचं सांगते. ते सांगायला माझा हात जड झालाय, म्हणून इतका वेळ कमोड आणि कपडे सांगत बसले.

सुरूच्या बनात गाडी लावली होती. जेवून ते पडले होते. मी कॅन घेऊन समोरच्या घरी नळावर गेले. कडी लावली होती, पण किल्ली गाडीतच विसरले, आणि पुढून ड्रायव्हरच्या दारातून जाता येतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. परत आले तर गाडी नाही. भरलेला कॅन हातात घेऊन मी किती वेळ उभी होते देव जाणे. चारचा सुमार, शाळा सुटायची वेळ होत आलेली, आता रस्त्यावर पोरं येणार. माझ्या डोळ्यांसमोर काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही. खाणावळींना मासे पोचवणारा अरशद तिथे होता, त्याने गाडी आचऱ्याकडे वळताना बघितली होती, लगेच मला स्कूटरवर घेतलं.

आचऱ्याच्या वाटेवर एका हायस्कूलच्या थांब्याला गाडी सापडली. डाव्या बाजूला, रस्त्याच्या अगदी कडेला, हँडब्रेक ओढलेला, इंडिकेटर चालू. कुठे ओरखडासुद्धा नाही. इंजिन बंद करून ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. शेजारची सीट मोकळी, तिकडचं दार उघडलेलं. मी चढले. त्यांनी मला ओळखलं की नाही, माहीत नाही. पण आवाज शांत होता.

"वायच रव," मला थांबवत म्हणाले, "माझा चेडू येवचा आसा, शर्मिला. शाळा सुटाक नाय अजून."

तुला आठवतंय ना, आठवी ते दहावी तू त्यांच्याच गाडीने घरी यायचीस, आणि तू दिसल्याशिवाय ते बेल मानायचे नाहीत. कंडक्टर चिडायचा. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. शाळा सुटली. मुली घोळक्याने बाहेर आल्या, आमच्याकडे बघत, हसत पुढे गेल्या. ते प्रत्येकीचा चेहरा बघत होते. शेवटची मुलगी गेली, शिपायाने फाटक लावलं, तरी ते हलेनात. अरशद लांब स्कूटर लावून उभा होता. अर्ध्या तासाने मी म्हटलं, "ता पुढच्या गाडयेन येतला."

"नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की."

मग उठले, मला जागा दिली आणि शेजारी जाऊन बसले.

त्या दिवसापासून किल्ली माझ्या गळ्यात असते. पण रोज चार वाजले की ते खिडकीशी बसतात आणि विचारतात, गाडी आली काय? माझं नाव या महिन्यात दोनदा चुकले. तुझं अजून चुकलेले नाहीत. ते किती दिवस राहील हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. फोनवर मला हे बोलता आलं नसतं, म्हणून ओंकार पुन्हा आला की त्याच्या हाती हे पत्र देणार आहे. माझ्यावरचा राग ठेव, तो माझ्या वाट्याचा आहे. त्यांच्यावरचा सोड. दीपेशला घे आणि ये. कणकवलीला उतर, मी गाडी घेऊन स्टेशनबाहेर थांबेन. त्यांना आठवी-नववीतली मुलगी हवी आहे, तू दिसशील मोठी. कदाचित लगेच ओळखणार नाहीत. तेव्हा रडू नकोस. नुसती शेजारच्या सीटवर बस आणि म्हण, बाबा, शाळा सुटली.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
आई